अंगाची मदत घ्यायची की घरकामाची? अपंग व्यक्ती आणि घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदतीला माणूस मिळालाय पण तास मोजकेच आहेत, आणि ते अंघोळ-कपडे-टॉयलेटला द्यायचे की झाडलोट-स्वयंपाकाला, इथे बहुतेकांचं घोडं अडतं. नेहमी येणारे प्रश्न एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. मी स्वतः व्हीलचेअर वापरते आणि दोन्ही प्रकारची मदत घेते, त्यामुळे काही ठिकाणी माझं मत डोकावेल, पटलं नाही तर सोडून द्या.

दोन्हीत नेमका फरक काय? मला तर सगळं एकच वाटतं.

सोपी खूण सांगते. मदतनिसाचा हात तुमच्या अंगाला लागतो ती पर्सनल केअर, आणि वस्तूंना लागतो ते घरकाम. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली रोजच्या सहा गोष्टींची यादी मांडली, अंघोळ, कपडे, टॉयलेटला जाणं, पलंगावरून खुर्चीत वगैरे सरकणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी केली, तिच्यात फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार अशा आठ गोष्टी आहेत. आजही मदतीचे तास ठरवायला घरी तपासणीला येणारी मंडळी बऱ्याचदा यांच्याच आधारावर फॉर्म भरतात. औषधं दुसऱ्या यादीत आहेत खरी, पण फिट्सची किंवा शुगरची गोळी चुकली तर काय होतं ते ज्याला माहितीये तो तिला घरकामात कधीच धरणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

एकच प्रश्न विचारा: मदतनीस उद्या आलाच नाही तर संध्याकाळपर्यंत काय बिघडेल?

भांडी साठतील, फरशी तशीच राहील, चिडचिड होईल. पण कुशीवर वळवलं नाही, डायपर बदललं नाही, युरिन बॅग रिकामी केली नाही, पाणी पाजलं नाही, तर बिघाड अंगात होतो आणि तो निस्तरायला कधीकधी महिने जातात. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात, कोणाला जरा आधी लागते, कोणाला उशिरा चालते, आणि व्हीलचेअरवर बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी थोडं उचलून किंवा झुकून वजन हलवावं असं सांगतात. चादरीची एक जाड सुरकुती रात्रभर माकडहाडाखाली राहिली तरी सकाळी डाग दिसतो, आणि बोटाने दाबून तो फिका पडला नाही तर ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते बघावं लागतं.

म्हणून न थांबणारी कामं आधी लिहा, त्यांचे तास बाजूला काढा, आणि उरलेल्या तासांचाच वाद घाला. यादी केल्यावर बऱ्याच जणांना कळतं की न थांबणारं काम दिवसाला फार वेळ खात नाही, ते फक्त चुकीच्या वेळी येतं, म्हणजे पहाटे, रात्री, किंवा ऑफिसला निघायच्या ऐन घाईत.

मी अंघोळ, कपडे सगळं माझं मी करते. वेळ लागतो पण जमतं. मला पर्सनल केअरची गरज नाही ना?

जमतं म्हणजे कसं जमतं? अंघोळ करून बाहेर आल्यावर तासभर आडवं पडावं लागत असेल, तर ती अंघोळ तुमची अर्धी सकाळ खाते. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) असलेल्या बऱ्याच जणांना गरम पाण्यानेच त्रास वाढतो, नजर अंधुक होते, पाय लटपटतात, अंग थंड झालं की परत बरं वाटतं, आणि घरच्यांना वाटतं ही नाटकं करते. संधिवातात सकाळचा पहिला तास बोटं हलत नाहीत आणि नेमकी तीच बटणं लावायची वेळ.

अशा वेळी दोन रस्ते आहेत. एक, अंगाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि वाचलेली ताकद नोकरीला, अभ्यासाला, पोरांना द्यायची. दुसरा, अंगाचं स्वतःच करायचं पण घरकाम पूर्ण सोडून द्यायचं, म्हणजे अंघोळीनंतर आडवं पडलं तरी स्वयंपाक डोक्यावर नाही. दोन्ही बरोबर आहेत. माझं मत विचाराल तर ज्यांची ताकद दिवसात ठरावीकच असते त्यांनी घरकामाची मदत आधी घेऊन बघावी, कारण त्यात लाज-संकोच मध्ये येत नाही आणि आठवड्याभरात फरक कळतो. पडायची भीती असेल तर मात्र हा सल्ला बाद, ओल्या बाथरूममध्ये एकटीने तोल सांभाळणं म्हणजे स्वावलंबन वगैरे काही नाही, तिथे माणूस हवाच, निदान दाराबाहेर तरी.

परक्या माणसाकडून अंघोळ घालून घ्यायची? नको वाटतं.

वाटणारच, त्यात चुकीचं काही नाही. पण लाज वाटते म्हणून घरकामाला माणूस घेतला आणि अंघोळ आठवड्यातून एकदा कशीबशी, असं चालू असेल तर ते तुमच्या कातडीला परवडणारं नाही.

थोडं थोडं करून बघा. पहिले काही दिवस मदतनिसाने फक्त तयारी करायची, पाणी काढायचं, टॉवेल-कपडे हाताशी ठेवायचे, बाथ चेअरचे पाय घट्ट बसलेत का बघायचं, आणि बाहेर थांबायचं. मग पाठ आणि पाय त्यांनी, बाकीचं तुम्ही. अंगावर टॉवेल ठेवून जो भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा, ही रीत चांगल्या मदतनिसाला माहीत असते, नसेल तर सांगायची. बाई हवी की पुरुष हे तुम्ही ठरवायचं, आणि त्यासाठी कारण द्यायची गरज नाही.

पाण्याचं मात्र कडक ठेवा. ज्यांना कमरेखाली जाणवत नाही त्यांना भाजलेलं कळतच नाही, आणि ६० अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत खोल भाजतं. कोमट म्हणजे अंगाच्या तापमानाच्या आसपास, ३७-३८ अंश. थर्मामीटर असेल तर उत्तम, नाहीतर मदतनिसाने आपल्या कोपराने किंवा मनगटाने बघायचं, आणि नळ सुरू असताना तुमच्या पायावर धार धरून "गरम आहे का?" असं विचारायचं नाही कारण त्या पायाला उत्तर देताच येत नाही.

अंगाचं घरचेच करतात, मग बाहेरचा माणूस घरकामालाच घेतला तर?

बहुतेक घरांत हेच होतं, आणि वरवर शहाणपणाचंही वाटतं. घरच्यांना तुमचं अंग माहितीये, रात्रीही ते तिथेच असतात. पण बघायचं ते हे की करणारं माणूस एकच आहे का. रोज एकच बायको, एकच आई, एकच भाऊ उचलतोय, त्यांची कंबर गेली की दोघेही पलंगावर. आणि दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही, नवरा-बायकोत एकाने दुसऱ्याचं सगळं अंगाचं करायचं असलं की हळूहळू नवरा-बायको राहत नाहीत, पेशंट आणि नर्स होतात. काही जोडप्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट जवळीक वाटते. काहींचं पार कोरडं होतं. मोठ्या झालेल्या मुलाला आईने धुणं हेही त्या मुलाला विचारून बघा एकदा, आई नसताना.

मी तर म्हणेन की आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी अंगाचं काम बाहेरच्या माणसाकडे द्या, म्हणजे घरचं माणूस आजारी पडलं तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही आणि तुम्हालाही दुसऱ्या हाताची सवय राहते.

एकाच माणसाने दोन्ही केलं तर?

चालतं, बऱ्याच ठिकाणी तसंच चालू असतं. फक्त क्रम ठरवून द्या. आधी अंग, मग घर. नाहीतर होतं असं की घरातल्या इतरांना आयता माणूस दिसतो आणि "जरा एवढं करून दे ना" करत करत तुमच्या मदतनिसाचे तास सगळ्या घराच्या भांड्यांत जातात, आणि तुम्ही टॉयलेटला जायचं म्हणून हाका मारत बसता. कोणाची भांडी, कोणाचे कपडे, कोणती खोली, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाका. तोंडी नको, लिहून भिंतीवर लावा.

आणि हात. टॉयलेटचं काम करून थेट स्वयंपाकाला नाही, ग्लोव्ह्ज काढून, साबणाने हात धुऊन, मग. ग्लोव्ह्ज घातले होते म्हणून हात धुवायचे नाहीत असं नसतं.

काही कामं मधलीच असतात, ती कशात धरायची?

ओली झालेली चादर बदलणं, खराब कपडे लगेच धुणं, कमोडची भांडी साफ करणं, व्हीलचेअरची गादी पुसणं, गिळायला त्रास असलेल्यासाठी जेवण मऊ-बारीक करणं. दिसायला घरकाम, पण माझ्या मते ही अंगाच्याच कामात धरायची, कारण ती टाळली की अंगालाच भोगावं लागतं. जिथे योजनेतून किंवा विम्यातून तास मिळतात तिथे हे आधीच विचारून घ्या, काही ठिकाणी घरकामाचे तास वेगळे आणि अंगाचे वेगळे मोजतात, आणि चादर कुठल्या खात्यात टाकायची यावरून नंतर भांडणं होतात.

गिळायला त्रास असलेल्याला भरवणं तर शंभर टक्के पर्सनल केअर. सरळ बसवून, छोटे घास, मध्ये थांबून, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. घाईने भरवलं की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

घरकामाला काय शिकवायचं असतं? ते तर कोणालाही येतं.

इथेच गंमत आहे. झाडून पुसून घर चकाचक, आणि तुम्ही त्या घरात अडकून पडलेल्या.

बादली दारात ठेवून मदतनीस गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली, की व्हीलचेअर तिथेच थांबली. धुतलेले कप आवरून वरच्या फळीत ठेवले, दिसायला छान, पण बसल्या जागेवरून हात पोचतो खालच्या कप्प्यापर्यंतच. व्हॅक्युम क्लीनर लावायला इलेक्ट्रिक व्हीलचेअरचा चार्जर काढला आणि परत लावायचा राहिला, हे कळतं दुसऱ्या दिवशी रस्त्यात. कुबड्या वापरणाऱ्याच्या घरात फरशी पुसायची ती तो बसलेला असताना आणि वाळेपर्यंत त्याला सांगून. न दिसणाऱ्या माणसाच्या घरात तर खुर्ची वीतभर सरकवली तरी नडगीला लागते, दार अर्धवट उघडं राहिलं तर कपाळाला. म्हणून घरकामाच्या माणसाला एकच नियम पहिल्या दिवशी: जी वस्तू जिथून उचलली तिथेच, त्याच दिशेने परत. आवरायची हौस असेल तर विचारून.

उचलण्यासाठी दणकट माणूस बघावा का?

नुसत्या ताकदीवर जाऊ नका. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने माणसाला हाताने उचलताना, परिस्थिती चांगली असली तरी, साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार एकट्यावर येऊ नये. मोठ्या माणसाचे नुसते पाय उचलले तरी त्याच्या जवळ जातं ते. म्हणून उचलण्याऐवजी सरकवणं शिकावं: ट्रान्सफर बोर्ड (पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी), सरकवायची चादर, कमरेचा पट्टा, आणि पायावर अजिबात भार घेता येत नसेल तर हॉइस्ट, म्हणजे झोळीत बसवून उचलणारं यंत्र. काखेत हात घालून ओढणारा मदतनीस दिसला की तिथेच थांबवा, खांदा निखळू शकतो. "दादा, थांबा, आधी दोन्ही ब्रेक लावा, मग फूटरेस्ट बाजूला करा, मी तीन म्हणाले की सरकवा." हे इतकं मोठ्याने बोलायची सवय लावून घ्या.

हॉइस्ट घेतला की दोन माणसांचं काम कधीकधी एकावर येतं, आणि ते वाचलेले तास घरकामाला वळवता येतात. फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं सोपी कशी करायची ते शिकवणारे) एकदा घरी बोलावून बघायला सांगा.

नर्स लागेल की साधा केअरटेकर चालेल?

इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग, नळीतून फीडिंग, ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) साफसफाई ही न शिकलेल्या माणसाच्या हातात द्यायची नाहीत. काही गोष्टी नर्सने शिकवल्यावर केअरटेकर किंवा घरचे करू शकतात, कुठे काय चालतं याचे नियम वेगवेगळे आहेत. युरिन बॅग दोन-तृतीयांश भरली की रिकामी करणं आणि ती नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवणं हे कोणालाही शिकवता येतं. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ कॅथेटर (लघवी काढायची बारीक नळी) घालून लघवी काढणं बरेच जण स्वतःच शिकतात.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर प्रत्येक मदतनिसाला, घरकामवालीलासुद्धा, एक गोष्ट सांगून ठेवा. अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर लाली, वरच्या अंगाला घाम, म्हणजे बीपी चढलंय. लगेच सरळ बसवायचं, घट्ट कपडे-पट्टे सैल करायचे, कॅथेटरची नळी कुठे वाकली-तुंबली आहे का बघायचं, आणि उतरलं नाही तर ॲम्ब्युलन्स. त्यात जीव जाऊ शकतो.

दिसत नाही, पण अंगाचं सगळं येतं. काय घ्यावं?

घरकामही कदाचित नको. टपाल वाचून दाखवणं, औषधांच्या बाटल्यांना खुणा लावणं, खरेदीला सोबत, फॉर्म भरणं, असे आठवड्यातले काही तास जास्त कामाचे.

बौद्धिक अपंगत्व किंवा मानसिक आजार असेल तर? हातपाय तर धड आहेत.

"हातपाय धड आहेत" याच वाक्यामुळे या लोकांना सगळ्यात कमी मदत मिळते. इथे मदत म्हणजे करून देणं नसतं, आठवण करणं, सोबत उभं राहणं, एकेक पायरी सांगणं असतं. "आता दात घासायचे" म्हणून बाथरूमच्या दाराशी दहा मिनिटं थांबणं हीसुद्धा पर्सनल केअर आहे, तपासणीत तसं स्पष्ट सांगा. घरकामही त्यांच्यासाठी न करता त्यांच्याबरोबर करायचं. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

लहान मुलाचं काय?

दोन वर्षांचं कुठलंही मूल दुसऱ्यानेच धुवायचं असतं, त्यामुळे तुलना करायची ती त्याच वयाच्या इतर मुलांशी. नऊ वर्षांच्या मुलाला डायपर लागतोय तर ती जास्तीची मदत. अगदी लहान असताना पालकांना घरकामाची मदतच जास्त उपयोगी, कारण मुलाला थेरपी, व्यायाम आणि भरवणं यात त्यांचाच वेळ जातो, आणि भावंडांकडे बघायलाही कोणीतरी मोकळं हवं. वजन वाढलं की पारडं आपोआप फिरतं. वयात येताना तर आईवडिलांनीच करायचं का, हे मुलाला विचारून ठरवायचं.

ठरवायचं कोणी? आमच्याकडे मोठा भाऊ सगळं ठरवतो.

ज्याच्या अंगाचा प्रश्न आहे त्याने. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ साली झाला, त्याच्या १९व्या कलमात समाजात इतरांसारखं राहण्याचा हक्क सांगितलाय आणि त्यासाठी लागणाऱ्या मदतीत वैयक्तिक सहाय्य स्पष्ट लिहिलंय. त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर उभं केलं. रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला होता, मानेखाली हालचाल जवळपास नव्हती. या लोकांचं म्हणणं असं की स्वतंत्र असणं म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं असं नव्हे, आपल्या मदतीचा ताबा आपल्याकडे असणं. भावाला हे वाचायला द्या. खर्च तो करत असेल तर बजेट त्याने सांगावं, पण आज अंघोळ की आज कपाट आवरणं हे तुम्ही सांगाल.

तपासणीला माणूस येतोय, काय सांगू?

घर आवरून, चांगले कपडे घालून, हसत बसू नका, निदान त्या दिवशी तरी. आपल्याकडून नकळत "जमतं हो" निघून जातं आणि फॉर्मवर तेच लिहिलं जातं. आठवडाभर आधी वहीत टिपा: काय केलं, किती वेळ लागला, नंतर किती वेळ पडून राहावं लागलं, काय सोडून दिलं. "जिना चढता येतो का?" याला "येतो" एवढंच उत्तर नाही, "येतो, पण दिवसातून एकदाच, आणि वर गेल्यावर बसावं लागतं" हे पूर्ण उत्तर. वाईट दिवस कसा जातो आणि असे दिवस महिन्यात किती येतात तेही सांगा. वाढवून काही सांगायची गरज पडत नाही, खरं पूर्ण सांगितलं तरी पुरतं.

मदतनीस अचानक आला नाही तर?

न थांबणाऱ्या कामांची यादी केली असेल तर तीच इथे उपयोगी पडते. प्रत्येक कामापुढे दुसरं एक नाव आणि नंबर लिहा, शेजारी असो की नातेवाईक, आणि त्या माणसाला एकदा प्रत्यक्ष करून दाखवा, आणीबाणीत फोनवर ट्रान्सफर शिकवता येत नाही. घरकामाला बदली शोधू नका, तो दिवस तसाच जाऊ द्या.

एकदा निवडलं की बदलता येतं का?

येतं आणि बदलावंच लागतं. नवीन बेडसोर, लघवीचं इन्फेक्शन परत परत, महिन्यात दोनदा पडणं, पाणी कमी प्यायला लागणं (टॉयलेटला न्यायला कोणी नाही म्हणून बरेच जण मुद्दाम कमी पितात) असं काही दिसलं तर अंगाचे तास वाढवा, घर थांबू द्या. आणि अंगाचं सगळं व्यवस्थित चाललंय पण घरी येणाऱ्यांना तुम्ही टाळताय, फ्रिजमध्ये नासलेलं पडलंय, धुतलेले कपडे संपले म्हणून बाहेर जाणं रद्द होतंय, तर थोडे तास घराकडे वळवा. मदतनिसाला बदल निदान एक आठवडा आधी सांगा, काम वाढत असेल तर पैशाचंही त्याच वेळी बोलून घ्या.